नाल्यांचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवा

तारापूर परिसरातल्या कुंभवली, कोलवडे, पामटेंभीच्या नाल्यांचा आणि पुढच्या मुरबे-खारेकुरण खाडीचा कोणताही आराखडा काठावरच्या ग्रामसभांना विचारल्याशिवाय मंजूर होता कामा नये, ही आमची भूमिका आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी या पाण्यात उतरले, खाडीत मासे मरून वर आले, आणि दाद मागायला मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. गावांना आधी विचारले नाही की प्रकरण असे कोर्टकचेरीवर जाते.

प्रश्न तांत्रिक, त्यात गावकऱ्यांना काय कळणार, असा आक्षेप घेतला जातो. पण भरती किती आत चढते, नाल्याचे पाणी कधी रंग बदलते, जाळ्याला तवंग कुठे चिकटतो, हे खाडीवर रोज जाणाऱ्यालाच आधी कळते. गावांची सुनावणी घेतल्याने कामे रखडतात म्हणावे, तर लवादात गेलेल्या वर्षांचा हिशेब कोण देणार? मुळात २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेने मंजूर औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. त्यांच्या सांडपाण्याचा त्रास मात्र कुंपणाबाहेरची गावे सोसतात. जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्याआधी नाल्यांचे नकाशे, सांडपाणी वाहिन्यांच्या जागा आणि पाण्याचे तपासणी अहवाल मराठीत ग्रामपंचायतींत लावावेत आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे.