सेवेची शिक्षा: हजेरी कोण घेणार?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली. सहा गुन्ह्यांना ती देता येते. त्यातले दोन आपल्या रोजच्या पाहण्यातले: पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी, माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर, आणि दारू पिऊन चारचौघांत घातलेला गोंधळ. काम समाजाच्या उपयोगाचं असावं आणि त्याचा मोबदला मिळणार नाही, एवढं कायदा सांगतो. किती तास, कुठं, कोणाच्या देखरेखीखाली, हे सांगत नाही. ही उणीव एकटं सरकार भरून काढणार नाही. नाशिकरोडच्या संस्थांनी पुढं यावं, असं मला मनापासून वाटतं.

१. आपल्या जेलरोडला नावच मध्यवर्ती कारागृहावरून मिळालं. त्या भिंतीआड बंदी गणपतीच्या मूर्ती घडवतात. तिथं कामाला वेळ आहे, शिकवणारा आहे, हजेरी आहे. पहिल्यांदाच पाच हजारांच्या आतला मोबाइल चोरलेल्या पोराला आत जायची गरज नाही, हे कायद्यानं मान्य केलं. पण बाहेर त्याच्यासाठीही अशीच घडी बसायला हवी.

२. शिक्षा म्हणून नुसता झाडू हातात देऊ नका. जे काम सफाई कामगार रोज पोटासाठी करतात, ते गुन्हेगाराची शिक्षा ठरवणं हा त्या कामगारांचा अपमान आहे. कोणाच्या रोजगारावरही गदा येता कामा नये.

३. मग काम कुठलं? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाकाठी दसकला जा. झेंडूचे भिजलेले हार, त्यांत अडकलेल्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे. हाराचा दोरा ओढून काढायचा, फुलं एका ढिगात, प्लास्टिक दुसऱ्यात. तासाभरात कंबर धरते. नाशिकमध्ये ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत विद्यार्थी दरवर्षी मूर्ती गोळा करतात. अशा मुलांच्या बरोबरीनं, त्यांच्यातलाच एक होऊन दोषी माणसानं राबावं. वेगळी रांग नको, वेगळा गणवेश नको. सुतारकाम येणाऱ्यानं वाचनालयाची कपाटं दुरुस्त करावीत, वायरमननं वृद्धाश्रमातले पंखे. शहरात सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी चालू आहे. कामाला तोटा नाही.

४. यासाठी कायद्याची चौकट अगदीच अनोळखी नाही. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम १३ नुसार राज्य सरकारनं मान्यता दिलेली संस्थाही परिवीक्षा अधिकारी पुरवू शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांच्या सामुदायिक सेवेवर संस्थेची देखरेख स्पष्ट लिहिली आहे. मोठ्यांसाठीही तीच वाट धरावी.

५. तास ठरलेले हवेत. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्यानं ही शिक्षा आली तेव्हाच ४० ते २४० तासांची मर्यादा घातली होती. नाहीतर एकाच गुन्ह्याला इथं दोन दिवस, तिथं दोन महिने. संस्थेत एक जबाबदार माणूस, एक रजिस्टर, रोज आल्या-गेल्याची वेळ आणि सही. गैरहजेरी त्याच आठवड्यात न्यायालयाला कळवावी.

६. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात दोन जीव गेले आणि आरोपीच्या जामिनाला तीनशे शब्दांच्या निबंधाची अट लागली. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पण तुरुंगाऐवजी काही करायला सांगणं, मग ती सेवा का असेना, म्हणजे सुटकाच, हा समज तेव्हापासून लोकांच्या मनात बसला. तो काढायचा तर भरलेले तास कागदावर दाखवता आले पाहिजेत. फोटो मात्र काढू नयेत. शिक्षा कामाची आहे, बदनामीची नाही.

मंडळं, ट्रस्ट, वाचनालयं, महाविद्यालयं यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती: पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्याकडे काम कोणतं, किती तासांचं आणि रजिस्टरवर सही कोण करणार, एवढं एका पानावर लिहा आणि ते पान जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचवा.