खाली बसलेली गाडी

मुलांनो, गणपतीत आमच्या चौलच्या घरी पाहुण्यांची नुसती वर्दळ असते. यंदा माझ्या मोठ्या दादाचा मुलगा पनवेलहून स्वतःची गाडी घेऊन आला. गाडी जुनीच, कोणाकडून तरी घेतलेली. पण ओळखू येईना! अंग जमिनीला टेकायला आलेलं आणि चाकं मोठी, रुंद, मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. आळीतली सगळी पोरं भोवती जमली.

"आत्या, स्प्रिंगा बदलून चार सेंटीमीटर खाली बसवली. आणि चाकं बघ, सतरा इंची!" भाचा म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. दिसायला गाडी छान होती, हे मीही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेवदंड्याला नणंदेच्या घरी निघालो. गाडीत भाचा, मी, सासूबाई आणि माझी दोन मुलं. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं. पुढे वळणावर मागच्या चाकातून आवाज आला, खर्रर्र! सासूबाई म्हणाल्या, "अरे, थांबव आधी!" खाली उतरून पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या कडेची साल निघाली होती आणि एका जागी आतले धागे दिसत होते. मडगार्डची धार सुरीसारखी टायरला कापत होती. याच चाकांवर आदल्या रात्री तो कार्लेखिंड उतरून आला होता. ते आठवलं आणि तो एकदम गप्प झाला. आम्ही मुलांना घेऊन पुढे रिक्षाने गेलो.

सुट्टी संपल्यावर हा किस्सा मी वर्गात सांगितला आणि फळ्यावर गाडीच्या जुन्या टायरचं माप लिहिलं : १६५/८० आर १४. ही काही गुप्त लिपी नाही, बरं का! टायरची रुंदी १६५ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे १३२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडिअल, ही टायरच्या बांधणीची जात. आणि १४ इंच हा आतल्या रिमचा व्यास. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून रिम झाली सुमारे ३५६. त्यात वरची एक आणि खालची एक अशा दोन भिंती मिळवा. पूर्ण चाक साधारण ६२० मिलिमीटर उंच.

भाच्याने बसवलेला टायर होता २०५/५० आर १७. हेच गणित तुम्ही करून पाहा. उत्तर येतं साधारण ६३७. व्यास १७ मिलिमीटरने वाढला, म्हणजे चाकाच्या मध्यापासून वरची कड साडेआठ मिलिमीटर वर गेली. आणि स्प्रिंगांनी मडगार्ड आणलं ४० मिलिमीटर खाली. चाक वर, मडगार्ड खाली. मधली जागा जवळजवळ पाच सेंटीमीटरने कमी झाली! गाडीत एकटा माणूस असेल तर एक वेळ निभावेल. पाच माणसं बसली की मागची बाजू आणखी दबते, आणि मग खर्रर्र!

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील गॅरेजात काम करतात. ती म्हणाली, "बाई, मग वेगाचा काटा खोटं नाय का बोलणार?" शाबास! गाडीला रस्ता दिसत नाही, ती चाकाचे फेरे मोजते. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. इथे फरक शंभराला तीनच्या आसपास आहे. पूर्वी ज्या फेऱ्यांना गाडी ताशी ६० किलोमीटर जायची, त्याच फेऱ्यांना आता ती जवळपास ६२ ने जाणार, आणि काटा मात्र आपला जुनाच आकडा दाखवणार.

मग मोठी रिम घालायचीच नाही का? तसं नाही. मारुती स्विफ्टच्या काही मॉडेलांना कंपनीनेच १६५/८० आर १४ टायर दिले आहेत, तर काहींना १८५/६५ आर १५. दोन्हींचा व्यास काढा. पहिला सुमारे ६२० आणि दुसरा सुमारे ६२२! रिम एक इंचाने वाढली, पण टायरची भिंत तेवढी बुटकी केली. रिम वाढली तरी पूर्ण चाकाचं माप जवळपास तेच ठेवायचं, हा पहिला धडा.

आता दुसरा धडा, ऑफसेटचा. हा शब्द अवघड वाटेल, पण गोष्ट सोपी आहे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ आहे असं समजा. रिम गाडीला जिथे नटांनी आवळतात ती जागा या रेघेपासून किती दूर, ते अंतर म्हणजे ऑफसेट. बऱ्याच रिमवर 'ईटी' अशी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. तो आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं.

भाच्याची जुनी रिम ५ इंच रुंद, ईटी ४५. नवी ७ इंच रुंद, ईटी ३५. रुंदी २ इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण २५ मिलिमीटर. शिवाय ऑफसेट १० ने कमी, म्हणून सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर. तेव्हा बाहेरची कड २५ अधिक १०, म्हणजे ३५ मिलिमीटर बाहेर आली. आतली कड २५ उणे १०, म्हणजे १५ मिलिमीटर आत गेली. बाहेर मडगार्ड, आत स्प्रिंग. चाकाने करायचं काय?

चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा ताणही वाढतो. दप्तर छातीशी धरून उभे राहा, मग हात लांब करून तेच दप्तर धरा. वजन तेच, पण खांदा लगेच तक्रार करू लागेल. बेअरिंगचा खांदा बिचारा बोलत नाही इतकंच.

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे जाणारे टांगे तुम्ही पाहिले असतील. त्यांची चाकं उंच असतात आणि बैठक पाण्याच्या वर राहते. वाळू, डबकी, दगड अशी ती वाट आहे. वाट बघून चाक निवडायचं, हे टांगेवाल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आपल्याकडचे पावसाळ्यानंतरचे रस्ते आठवा. तिथे पोट खरवडणारी गाडी काय कामाची?

यात कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात आपल्या मनाने बदल करता येत नाही. म्हणून पालकांनो, घरातल्या तरुण मुलाला रागावण्याआधी त्याच्याबरोबर गाडीचं माहितीपुस्तक उघडा. कोणतं माप चालेल, ते त्यात दिलेलं असतं.

भाच्याचं पुढे काय झालं? जुनी चाकं पनवेलच्या माळ्यावर पडून होती. ती दादाने एस.टी.ने आणून दिली. महिन्याभरात स्प्रिंगाही मूळच्या बसल्या. परवा तो आला तेव्हा म्हणाला, "आत्या, आता गाडीकडे कोणी वळून बघत नाही." सासूबाई आतूनच म्हणाल्या, "न बघेनात! आम्ही बसतो की तिच्यात."

आणि खरंच, त्या दिवशी आम्ही पाचही जण रेवदंड्याला जाऊन आलो.

करून पाहा : घरातल्या स्कूटरच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीच्या टायरवरचं माप वहीत उतरवा. पूर्ण चाकाचा व्यास काढा. मग फूटपट्टीने मोजून पडताळा. गाडी उभी असतानाच, आणि मोठ्यांना विचारूनच हं!