एका नावाच्या चार वह्या

वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी सरकारी दप्तराविषयी बोलू लागला तर तो अरसिकच म्हणायचा. तो आरोप मला मान्य आहे. परंतु गावच्या कारभारात निरनिराळ्या खात्यांची माहिती एकत्र का नांदत नाही, या प्रश्नाची ठरीव उत्तरे ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणे वीज नाही! म्हणे रेंज नाही! म्हणे खेड्यातल्या कारकुनाला यंत्राचे वावडे! मी वीस वर्षे खेड्यात मास्तरकी करतो आहे, आणि स्पष्ट सांगतो, या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या मूळ कारण नव्हेत.

एक मूल जन्माला येते. ग्रामसेवक त्याची नोंद करतो, कारण खेड्यात जन्ममृत्यूचा निबंधक तोच. 2021 पासून अंगणवाडीची सेविका तेच नाव ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरते. पुढे मी ते शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहितो. 2015 साली ‘सरल’ आले तेव्हा सारी नावे त्यात चढवली. ‘यूडायस प्लस’ आले तेव्हा पुन्हा त्यात चढवली. बापाच्या मागे जमिनीला वारस लावायची वेळ आली, की तेच नाव तलाठ्याच्या फेरफारात जाते. यंत्रे सगळीकडे पोचली आहेत. मग या वह्या एकमेकींशी बोलत का नाहीत? कारण ग्रामसेवकाचा धनी गटविकास अधिकारी, तलाठ्याचा तहसीलदार, माझा गटशिक्षणाधिकारी आणि सेविकेचा धनी चौथाच! प्रत्येक धन्याला आपला तक्ता आपल्या तारखेला हवा. दुसऱ्या खात्याला माहिती दिली म्हणून कोणाची पाठ थोपटलेली मी पाहिली नाही. तीत चूक निघाली तर नोटीस मात्र येते. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस आपली वही मिटून ठेवील, नाही तर काय करील? 2024 साली ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचे ठरले. पाटी बदलली; दप्तर होते तिथेच राहिले.

हे मी दुसऱ्यांना हिणवण्यासाठी सांगत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती अडली. जन्मनोंदीत बापाचे नाव ‘पांडुरंग’, शाळेत ‘पंडित’. तिची आई शेतमजुरी करणारी. ती आली तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “ताई, पंचायतीतून दाखला आणा.” पंचायतीने तिला तालुक्याला धाडले, तालुक्याने पुन्हा शाळेकडे. चार दिवसांची मजुरी बुडवून ती माझ्यासमोर उभी राहिली. “गुरुजी, बाप एकच हाय हो पोरीचा,” एवढेच म्हणाली. मी जनरल रजिस्टर उघडले. ‘पंडित’ हे अक्षर माझे होते! दुरुस्तीला वरची मंजुरी लागते, मंजुरीबरोबर विचारणा येते. त्या भीतीने मी आणखी आठ दिवस गप्प बसलो. माहिती का अडते हे मला कोणा विद्वानाने शिकवू नये. ती माझ्यासारख्यांच्या भीतीपाशी अडते.

कायद्याने वाट दाखवली आहे. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच चालावयाचा आहे, आणि त्या नोंदींचे देशव्यापी भांडार व्हावयाचे आहे. उत्तम! पण पहिल्याच नोंदीत चूक झाली तर? पूर्वी ती एका वहीत राहत असे. आता ती जन्मभर सगळीकडे पाठलाग करील.

एकाच दप्तराचा अनुभव आपल्याला नवा नाही. गावची सारी माहिती कुलकर्ण्याच्या दप्तरात बांधलेली असे, आणि आपल्या नावापुढे काय खरडले आहे हे निरक्षर कुळाला कळण्याची सोय नसे. मुंबई राज्याने 1950 च्या कायद्याने ती वतने नष्ट केली. तेच रुमाल आता यंत्रात बांधून, गाठ नव्या कुलकर्ण्याच्या हाती द्यायची असेल, तर चार वह्या बऱ्या!

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. एक गोष्ट एकदाच लिहावी. ज्याने लिहिली त्याने ती सुधारावी, आणि ती सुधारणा आपोआप सर्वत्र पोचावी. चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा नसावी. कोणी कोणाची नोंद पाहिली, याचीही नोंद राहावी, आणि ज्याचे नाव त्याला ती दिसावी. सरकारपाशी असलेला कागद सरकारने गरिबाकडे मागू नये. याला नवी यंत्रे फारशी लागत नाहीत. लागतो तो एक हुकूम, आणि तो पाळणारी थोडी लाज.

त्या मुलीचे नाव अखेर दुरुस्त झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत टळून गेली होती. तिच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोष माझा आहे हे तिला ठाऊकच नव्हते. ते आज या पानावर लिहून ठेवतो आहे.