दोन पोरं, एक टेबल

सकाळचे साडेनऊ. लॅपटॉप सुरू, कुकरची दुसरी शिट्टी आणि डायनिंग टेबलावर दोन शाळा! थोरल्याला डिस्लेक्सिया, 'घ' आणि 'ध'ची सतत अदलाबदल. म्हणून धडा मी वाचते, तो ऐकून उत्तरं सांगतो. धाकटीला पाच मिनिटं बसवत नाही. तिचे पाढे कळंबा तलावावर, चालता चालता.

'दहावीचं काय?' सासूबाईंचा रोजचा प्रश्न. एनआयओएस आहे ना! १४ वर्षं पूर्ण झाली की प्रवेश, ५ वर्षांत ९ संधी, एकेक विषय सुटा सोडवायचा.

माझी डेडलाइन मात्र काल हुकली. पण कालच त्यानं दुधाच्या पिशवीवरचं 'गोकुळ' आपणहून वाचलं. आता हे बॉसला कसं समजवायचं, सांगा बघू!