शेजारच्या पाळण्याचाही प्रश्न

गोवर-रुबेला लसीकरण मोहीम फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वप्रथम ज्या मोजक्या राज्यांत सुरू झाली, त्यांत गोवा होता. तरीही ‘आमचे मूल, आमचा निर्णय’ असे म्हणणारे पालक आढळतात. लसीनंतर येणाऱ्या तापाची त्यांची धास्ती समजण्याजोगी आहे. पण गोवर उंबरठ्यापाशी थांबत नाही. त्याला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोवर तान्ह्या बाळाचे रक्षण बऱ्याच अंशी इतर मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असते. २०२२मध्ये मुंबईत गोवराने बालकांचे बळी घेतले, ते प्रामुख्याने लस न मिळालेल्यांचे. साशंक पालकांना दटावून काही साधणार नाही. डॉक्टरांनी त्यांच्या शंकांचे सविस्तर निरसन करावे. पालकांनीही निर्णय घेताना शेजारचा पाळणा विसरू नये.