आधी चालणे, मग धावणे

धावण्यास आरंभ करावयाचा तर पहिल्याच दिवशी धावत सुटावे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. आठ-दहा दिवस ऊर फुटेतो पळावे, मग नडगी ठणकू लागावी आणि ‘हे आपल्या प्रकृतीस मानवत नाही’ असा निकाल देऊन बूट माळ्यावर टाकावेत, हा क्रम नित्याचाच आहे. या निकालात प्रकृतीवर अन्याय होतो. दोष असतो तो घाईचा.

जयपूरच्या मालवीय नगरात, विमानतळानजीक, जवाहर सर्कल नावाचे वर्तुळाकार उद्यान आहे. पहाटे तेथे फेऱ्या घालणाऱ्यांत चालणारे पुष्कळ असतात. हे चालणे म्हणजे वृद्धांचा विरंगुळा, असे नव्याने धावू पाहणाऱ्या तरुणास वाटते. माझ्या मते त्याने पहिले दोन महिने याच मंडळींच्या संगतीत काढावेत.

चालताना एक तरी पाय सदैव जमिनीवर असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक दोन्ही पाय क्षणभर अधांतरी राहतात आणि मग साऱ्या देहाचा भार एकाच पायावर आदळतो. चालताना हा भार शरीराच्या वजनाहून थोडाच अधिक असतो, तर धावताना तो दुप्पट-अडीचपट होतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या पायास दर पावली १२० ते १५० किलोंचा भार पेलावा लागतो.

तो पेलण्याची तयारी सर्व अवयवांत सारख्या गतीने होत नाही. हृदय व स्नायू काही आठवड्यांतच सुधारू लागतात, पण कंडरांना व हाडांना महिने लागतात. हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. नव्या ताणास तोंड देताना त्यातील जुना भाग आधी पोखरला जातो आणि मग तेथे नवा रचला जातो. पोखरणे काही आठवड्यांत उरकते, रचनेस मात्र तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीहून किंचित दुबळेच असते. दुर्दैव असे की, नेमक्या याच सुमारास नवशिक्याचा दम वाढलेला असतो आणि तो उत्साहाच्या भरात अंतर वाढवितो. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या शल्यवैद्याने १८५५ साली सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले होते. ती हाडेच चिरली होती, हे पुढे क्ष-किरणांमुळे उमगले. कूच करण्याचा अतिरेकही जेथे बाधतो, तेथे अचानक धावण्याची काय कथा!

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. वाहनाची सोय नसल्याने लहानपणी सुमारे सहा किलोमीटरवरील शाळेत ते कधी चालत, कधी पळत जात. शाळा दूर असणे हे काही भूषण नव्हे. तथापि, त्या पायपिटीने त्यांचे पाय स्पर्धेच्या कितीतरी आधी घडविले असावेत, असे मला वाटते.

इंग्रजीतील ‘जॉगिंग’ या शब्दास मराठीत ‘दुडकी चाल’ हा घोड्याकडून उसना घेतलेला, पण समर्पक प्रतिशब्द आहे. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास झपाट्याने चालावे. मग दर पाच मिनिटांत एक मिनिट दुडकी चाल धरावी आणि तिचा काळ हळूहळू वाढवावा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग असावा. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, तर धावणे थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शाळांतून क्रीडामहोत्सव जेमतेम तीन आठवड्यांवर आला की मुलांना मैदानावर पळविण्यास प्रारंभ होतो. तीन आठवड्यांत हाड घडत नाही. महोत्सव डिसेंबरात असेल, तर क्रीडाशिक्षकांनी मुलांना ऑगस्टपासूनच चालावयास न्यावे. त्यासाठी मैदानही लागत नाही.