भुताची साक्ष

भुताची गोष्ट म्हटली कीं ती मुलांपुरती, प्रौढांनीं तिच्यांत वेळ दवडूं नये, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आढळते. दिवंगत अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही १९८७ सालची कादंबरी वाचल्यास ही समजूत टिकणें कठीण आहे.

तिला आधार सत्य घटनेचा आहे. जानेवारी १८५६ मध्यें मार्गारेट गार्नर नांवाची गुलाम स्त्री केंटकी राज्यांतून मुलाबाळांसह पळाली व गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटी शहरीं पोंचली. पाठलाग करणाऱ्यांनीं घर वेढतांच, मुलें पुन्हां दास्यांत जाऊं नयेत म्हणून तिनें स्वहस्तें आपल्या चिमुकल्या मुलीचा प्राण घेतला. पुढें वाद माजला तो असा : ही खुनाची आरोपी, कीं मालकाची चीजवस्तू ? पळालेल्या गुलामांविषयींच्या १८५० च्या कायद्यान्वयें तिला मालकाकडे परत धाडण्यांत आलें. खुनाचा खटला भरावयाचा, तर आधीं तिला माणूस मानावें लागलें असतें !

कादंबरींतील सेथ हीच करणी करते. थडग्यावर एकच शब्द कोरविण्यापुरतें तिचें सामर्थ्य. त्याची किंमतही तिला देहानें मोजावी लागते. १८ वर्षांनीं तोच शब्द नांव म्हणून धारण करून एक तरुणी दाराशीं येते, जेवते, निजते, सेथची पाठ सोडीत नाहीं. घरांतील माणसें तिला पाहुणीसारखी वागवितात. अशा लेखनासच ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात.

आपल्या साहित्यशास्त्राप्रमाणें अद्भुताचा स्थायिभाव विस्मय, करुणाचा शोक. येथें विस्मय शोकाच्या सेवेस लागला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेंत गुलामाला गोऱ्याविरुद्ध न्यायालयांत साक्ष देतां येत नसे. ज्यांचें दुःख दप्तरांत शिरूं शकलें नाहीं, त्यांची साक्ष या कादंबरींत भूत देतें.

लेखिका आईला निर्दोष ठरवीत नाहीं. शेजाऱ्यांनीं तर सेथला वाळींतच टाकलेलें असतें. हा शब्द आपल्याही घरांना अपरिचित नाहीं. अखेर त्याच वस्तींतील ३० बाया तिच्या घरासमोर जमून प्रार्थना करूं लागतात, तेव्हां भूत निघून जातें. मांत्रिकाला न साधणारें कार्य शेजारधर्मानें साधलें.

या कादंबरीस १९८८ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९९३ सालीं लेखिकेस नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. कोवळ्या वयाच्या मुलांच्या हातीं हें पुस्तक देऊं नये. घरांतील जाणत्या स्त्रीपुरुषांनीं मात्र तें अवश्य वाचावें, आणि वाचतांना ‘असें घडेल काय ?’ या शंकेपेक्षां ‘या माउलीचें कोणीं ऐकून घेतलें होतें काय ?’ हा प्रश्न मनाशीं धरावा.